आधी रस्ता, मग इमारत

[ड्रोन : दादर-माटुंगा, सकाळ]

वरून आधी झाडंच दिसतात. कॅमेरा खाली येतो तसे झाडांच्या रांगांमधले रस्ते उलगडत जातात. हिंदू कॉलनीतून निघालात, आंबेडकर रस्ता ओलांडून पारशी कॉलनीत शिरलात, की फाइव्ह गार्डन्सवरून किंग्ज सर्कलला कुठल्याही गल्लीने जा. एक खणलेली असली तर शेजारची आहेच.

रस्त्यांची जोडणी मोजणारे अभ्यासक प्रत्येक नाक्यावर किती वाटा भेटतात ते पाहतात. चार भेटल्या तर चौक, तीन भेटल्या तर तिठा. एकच असेल तर पुढे भिंत. शहर पसरताना चौक वाढले की भिंती वाढल्या, एवढंच आपल्यालाही बघायचंय.

[जुने नकाशे, जुनी छायाचित्रं]

ही आखणी आली प्लेगमुळे. 1896 साली मुंबईच्या मांडवीत साथ सुरू झाली. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग फैलावतो, अशी सरकारची समजूत होती. 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने जुन्या वस्त्या कापून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड काढले. पहिले दोन पूर्व-पश्चिम, कारण समुद्राचा वारा आतपर्यंत पोचायला हवा होता. आज प्रिन्सेस स्ट्रीटवर वाऱ्याच्या आधी हॉर्न पोचतो, ते सोडा. घरं गेलेल्यांपैकी अनेकांना ट्रस्टच्या चाळींत जागा मिळाली नाही.

दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे पाडायला फारसं काही नव्हतं. शेतं, वाड्या, सखल जमीन. ट्रस्टने सलग पट्टाच संपादन केला. मग रस्ते आखले, गटारं टाकली, बागांच्या जागा सोडल्या. भूखंड भाडेपट्ट्याने दिले ते त्यानंतर. घर बांधणाऱ्याला रस्ता आयता मिळाला आणि तो अडवायची सोय त्याच्याकडे उरली नाही.

उपनगरांत दुसरी युक्ती चालली. 1915 च्या नगररचना कायद्याने मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि बागा काढायच्या, उरलेले नीट आखलेले प्लॉट त्याच मालकांना परत द्यायचे. वांद्रे, सांताक्रूझ, बोरिवली इथल्या पत्त्यांत अजून 'टीपीएस' येतं, ते या योजनांचं नाव : टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना. आता तिथले बंगले गेले, चाळी गेल्या, टॉवर आले. गल्ल्या मात्र जिथे होत्या तिथेच. इमारत पन्नास वर्षांनी पाडता येते; रस्ता एकदा पडला की सहसा हलत नाही.

[ड्रोन : घोडबंदर रोड, ठाणे. संध्याकाळ]

एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून हा एकच मोठा रस्ता. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, गायमुख. मेट्रो चारचे खांब बघा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना फुटणारे फाटे बघा. फाटा आत जातो, कमानीखालून वळतो, क्लबहाऊसला वळसा घालतो आणि कंपाउंडला टेकतो. पलीकडे दुसरं कंपाउंड, दुसरी कमान, दुसरा वॉचमन.

यात कुणा एकाचा डाव नाही. इथे जमीन सर्व्हे नंबरागणिक विकली गेली. बिल्डरने मिळेल तेवढा तुकडा घेतला, बिनशेती केला, लेआउट मंजूर करून घेतला. आतले रस्ते झकास, कारण ते विकायचे होते. शेजारच्या लेआउटला जोडणारा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, महापालिकेच्या नकाशावर असतो. त्यासाठी जागा ताब्यात यायला लागते, आणि तोवर लोक राहायला आलेले असतात.

[भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना इमारती]

खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या इमारतीत जायला आधी हायवेवर यावं लागतं. स्कूलबस, टँकर, अॅम्ब्युलन्स, सगळे तिथेच.

[कल्याण-शीळ रस्ता, धावत्या गाडीतून]

कल्याण-शीळ रस्त्यावरही हेच, फक्त प्रकल्प आणखी मोठे. आत अख्खं गाव मावेल इतके.

[पनवेलजवळ, शेतं]

नगररचना योजनेची तरतूद महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही आहे. शेजारच्या गुजरातमधल्या अहमदाबादेत अशाच योजनांवर रिंग रोडपर्यंतची कामं झाली. आपल्याकडे ती बरीच वर्षं पडून होती. आता पनवेलच्या बाजूला नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित पट्ट्यात, सिडको हे सरकारी महामंडळ तिच्या आधारे रस्ते आखतंय, भातखाचरं अजून खाचरं असताना. या फ्रेममध्ये डावीकडे दिसते ती अशीच जमीन. मालकाला 40 टक्के जागा विकसित भूखंड म्हणून परत मिळते, आणि या वाटणीला गावांतून विरोध आहे.