सेकंडहँड बाइक ट्रॅकवर नेण्याआधी पुढचं चाक उचलून बघा

नमस्कार मंडळी. जालन्यात नाहीतर संभाजीनगरात एखादी सेकंडहँड आर 15 किंवा ड्यूक दिसली, जीव जडला आणि घासाघीस न करता टोकन देऊन मोकळे झालात. आता ट्रॅक डेची, म्हणजे रेसच्या सर्किटवर आपली गाडी पळवायच्या दिवसाची घाई. आधीच्या मालकाने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल, तर तुम्हालाही पुढचा खर्च एअर फिल्टर न् ईसीयूवर (इंजिनाच्या कंप्युटरवर) करावासा वाटेल. त्यावर आत्ता एक रुपयाही घालू नका. पैसे ब्रेक, टायर आणि पुढच्या भागावर लावा.

[कॅमेरा पुढच्या चाकावर]

इंजिनखाली ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी करा. सायलेन्सरच्या पाइपावर वजन येऊ देऊ नका. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बरोबर मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचा मार बेअरिंगच्या गोळ्यांवर एकाच जागी बसतो आणि वाटीत खळगे पडतात. अशी गाडी वळणात रेषा धरत नाही. मग फोर्कचे (पुढच्या शॉकअबसॉर्बरचे) दोन्ही पाय धरून पुढेमागे ओढा. खट्ट वाजलं तर कोनसेट ढिला. चासीवर हँडलचा स्टॉपर जिथे टेकतो, तिथे चेपलेलं किंवा ताजा रंग दिसला, तर गाडी जोरात आपटलेली असण्याची दाट शक्यता. फोर्क काढून सरळ आहेत का ते तपासून घ्याच.

फोर्कचं सील गळत असेल तर ऑइल ब्रेकच्या डिस्कवर उतरतं. भिजलेले ब्रेक पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवणारे मिस्त्री भेटतील. ऐकू नका, पॅड नवे टाका.

आता ब्रेक. डॉट 4 फ्लुइड (लिव्हरचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा द्रव) नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की हीच हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीत ते चहाच्या रंगाचं झालेलं असतं. ट्रॅकवर दर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो, फ्लुइड उकळून त्यात वाफ होते आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक मिळून अर्धा लिटर नवं फ्लुइड पुरतं. बदलताना लिव्हर दाबा, कॅलिपर म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागावरचं जुनं फ्लुइड सोडायचं निपल उघडा, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. डॉट 5 चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, डॉट 4 च्या गाडीला चालत नाही. कॅलिपरच्या पिनांवर आपली काळी माती बसून त्या जाम होतात, मग एक पॅड झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा. पॅडवर 3 मिलिमीटर माल हवा.

टायरच्या बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, पाच वर्षांपुढचा टायर मी ट्रॅकवर चढवणार नाही.

मराठवाड्याच्या जवळ मोठं सर्किट नाही. चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट 3.7 किलोमीटरचं आहे, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे साधारण 2.1 चा. छोट्या इंजिनाला कारी बरा. रेल्वे पार्सलने गाडी पाठवायची तर टाकी रिकामी लागते. आरटीओचे फॉर्म 29, 30 भरून गाडी नावावर करा आणि 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा. रेसिंग आणि वेगचाचणी विम्यात बसत नाही, हे धरूनच चला.

ट्रॅकवर गेल्यावर आरसे काढा, दिव्यांवर टेप लावा, साइड स्टँड तारेने बांधा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट लॉकवायरने (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायच्या तारेने) बांधलेला मागतात का, ते नोंदणीच्या वेळीच विचारा. बोल्टच्या डोक्यात भोक घरीच पाडून घ्यावं लागतं. टायरमध्ये थंड असताना गाडीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यापेक्षा 2-3 पीएसआय कमी ठेवा आणि सेशनमधून आल्या आल्या मोजा. मागचं प्रेशर 20 टक्क्यांहून जास्त चढलं तर सुरुवात फार कमीपासून झाली: टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो.

चालताना लिव्हर मऊ लागला तर हात वर करून पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबायच्या जागी) या. उभ्या गाडीचा तापलेला ब्रेक दाबून धरू नका. थंड झाल्यावर लिव्हर कडक झाला तरी फ्लुइड बदलल्याशिवाय परत बाहेर पडायचं नाही, म्हणून फ्लुइडची सीलबंद बाटली आणि निपलचा 8 नंबरचा पाना सोबत ठेवा.