बाळाच्या किडनीची सूज: वाट कुठवर पाहावी
(चिपळूण परिसरातील पालक व आशासेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या डाव्या किडनीला सूज आहे’ एवढे एक वाक्य येते आणि घरातली झोप उडते. ही सूज मार लागल्याची नसते आणि जंतूंचीही नसते. मूत्रपिंडातली लघवी ज्या पिशवीत गोळा होते, तिथून मूत्रवाहिनीत उतरताना ती तुंबते म्हणून पिशवी फुगते. पोफळीच्या बागेत पाटाच्या तोंडाशी पाला अडकला की मागे पाणी चढते, तसाच हा प्रकार. मात्र इथे बहुधा अडकलेले काहीच नसते. जोडावरचा मूत्रवाहिनीचा छोटा तुकडाच नीट आकुंचन पावत नाही, किंवा मूत्रपिंडाच्या खालच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी त्याला आडवी येते.

गर्भात दिसलेली अशी सूज पुष्कळ बाळांत जन्मानंतर आपोआप उतरते. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून काम 100 धरले, तर न्यूक्लिअर स्कॅनमध्ये (शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन प्रत्येक मूत्रपिंडाचे काम मोजणारी तपासणी) सुजलेल्या बाजूचा वाटा 40 टक्क्यांच्या खाली असणे, पुढच्या तपासणीत तो घसरणे, सूज वाढत जाणे, तापासह लघवीत वारंवार जंतू सापडणे किंवा कुशीत कळा येणे, यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नये.

मोठ्या मुलांत हे दुखणे चकवते. माझ्याकडे आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला दोन वर्षे पित्ताचीच औषधे चालू होती. मे महिन्यात लागोपाठ दोन शहाळी प्यायला की तो कूस धरून लोळायचा, उलटी करायचा आणि दुसऱ्या दिवशी आंब्याच्या झाडावर असायचा. सोनोग्राफी व्हायची ती दुसऱ्याच दिवशी, आणि तीत फारसे काही दिसायचे नाही. अखेर कळ चालू असतानाच ती केली, तेव्हा पिशवी टम्म फुगलेली होती.

यावरची पायलोप्लास्टी, म्हणजे पिशवी आणि मूत्रवाहिनीचा जोड नव्याने करण्याची शस्त्रक्रिया, आजही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँडरसन आणि हाइन्स या शल्यविशारदांच्या 1949 मधल्या पद्धतीने होते. गंमत अशी की त्यांनी ती पहिल्यांदा केली ती मोठ्या शिरेच्या मागून गेलेल्या मूत्रवाहिनीसाठी. निकामी तुकडा कापून काढायचा, मूत्रवाहिनीचे तोंड उभे चिरून रुंद करायचे आणि ते पिशवीला केसासारख्या बारीक, विरघळणाऱ्या धाग्याने शिवायचे. आडव्या रक्तवाहिनीला हात लावत नाहीत, कारण मूत्रपिंडाचा तेवढा भाग तिच्यावरच जगतो. जोड तिच्या पुढून आणतात. उघडी असो वा दुर्बिणीची, ही शस्त्रक्रिया दहांपैकी नऊहून अधिक मुलांत यशस्वी होते.

शस्त्रक्रियेत जोड भरून येईपर्यंत लघवी उतरत राहावी म्हणून मूत्रवाहिनीत ठेवलेली डीजे स्टेंट ही बारीक नळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढावीच लागते. ‘शिमगा आटपला की येतो’ म्हणून गेलेले पालक पावसाळ्यात उगवतात, तोवर नळीवर खड्याचे थर चढू लागलेले असतात. ती तारीख बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच लिहून घ्या. आणि नंतरच्या सोनोग्राफीत पिशवी मोठी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. ताणलेली पिशवी बरेच महिने सैल राहते, स्कॅनमध्ये लघवी खाली उतरते आहे ना, हे आम्ही पाहतो.