अंड्याला कापड बसवताना

मंडळी, ‘अंडं’ हा शब्द ऐकूनच पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी उठतील असं वाटलं होतं. बसलात, बरं झालं. ज्यांना घरात अंडं चालत नाही त्यांच्यासाठी थर्माकोलचं आहे, काळजी नको.

लहानपणी शरणपूर भागातल्या मैत्रिणीकडे ईस्टरला रंगवलेली अंडी बघायची. ईस्टर येतो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागेच. त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात युरोपात पूर्वी अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपास करत नव्हत्या! मग साठलेली अंडी सणाला रंगवून वाटायची. कापडाची अंडी मात्र मी फार उशिरा केली, तीही गोधडीच्या चिंध्या संपवायच्या म्हणून.

पहिल्याच अंड्याने मला घाम फोडला. कापड सपाट, अंडं दोन्ही बाजूंनी गोल. एका बाजूला ताणलं की दुसरीकडे सुरकुती. जगाचा नकाशा पृथ्वीगोलावर चिकटवतात ना, तो अखंड नसतोच. दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्या असतात. तसंच करायचं. कोंबडीचं अंडं कमरेशी साधारण चौदा सेंटीमीटर भरतं. आठ पाकळ्या केल्या तर प्रत्येकीची रुंदी पावणेदोन, लांबी आठच्या आसपास. पण पाकळीचं पोट बरोबर मध्ये काढलंत तर फसाल. अंड्याची कंबर मध्यावर नसते, बोथट टोकाकडे सरकलेली असते. कागदाची एक पाकळी कापून अंड्यावर धरून बघा, मगच कापडाला कात्री लावा.

आणि कापड उरेब कापा. उभ्या-आडव्या धाग्यात ते हटून बसतं, तिरकं कापलं की वळतं. त्यातही आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं सर्वांत गुणी. नवं कापड घ्याल तर आधी धुऊन खळ काढा. आपण नाशिककर, येवला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पैठणीच्या काठाचा मोह होणारच. मलाही झाला. जरीचा काठ ताठ असतो, वळत नाही, कडेने सुटतो. काठाची अरुंद पट्टी कमरेला बांधा, तेवढीच शोभते.

खरं अंडं असेल तर दोन्ही टोकांना भोक पाडून, फुंकून रिकामं करायचं, साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवायचं. मग पाणी घातलेला फेव्हिकॉल, हलक्या हाताने. थर्माकोलला मात्र चपलांना लावतात ते रबराचं सोल्यूशन लावू नका. मी लावलं होतं. कपाटातून पट्टी शोधून येईपर्यंत अंड्याला खळगा पडला होता! त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं.

त्यापेक्षा जपानी युक्ती छान. क्योटोकडे अठराव्या शतकापासून लाकडी बाहुल्यांना खाचा पाडून त्यांत कापडाच्या कडा खोचतात; ‘किमेकोमी’ म्हणतात. थर्माकोलवर पेनाने आठ रेघा ओढा, कटरने अर्धा सेंटीमीटर खोल चीर द्या आणि नखं घासायच्या कानशीच्या टोकाने कड आत ढकला. ना टाका, ना गोंद. टोकाशी आठ चिंध्यांचा गठ्ठा होतो, तिथे बटण टोचा.

ही माझी पाच अंडी हातोहात फिरवा. तिसऱ्याला एक सुरकुती राहिली आहे, सापडली तर सांगा. मी तोवर कात्र्या वाटते.