६४ रंगांचे सुपरहिरो

(दृश्य : जुन्या अमेरिकन कॉमिकचं पिवळं पडलेलं पान. त्यावरून भिंग सरकतंय.)

सुपरमॅनच्या गालावर भिंग धरलं, की गाल नाहीसा होतो. उरतात नुसते ठिपके. थोडे पिवळे, थोडे लाल आणि मधूनमधून डोकावणारा स्वस्त कागद. भिंग बाजूला केलं, की चेहरा परत जागच्या जागी!

१९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून सुपरमॅन आला. अंकाची किंमत १० सेंट. पोरांच्या खिशाला परवडायचं, म्हणजे कागद वर्तमानपत्राचा आणि शाई चारच रंगांची. निळा, लाल, पिवळा, काळा. पुढे कित्येक वर्षं हिशेब ठरलेला होता : पहिल्या तीन रंगांची प्रत्येकी एक फिकी, एक मध्यम आणि एक भरगच्च छटा, नाहीतर कोरा कागद. म्हणजे प्रत्येक रंगाचे चार पर्याय; चार गुणिले चार गुणिले चार केलं की ६४ रंग हाती येतात. रंगकाम करणारा नमुन्याच्या पानावर जागोजागी खुणेची अक्षरं लिहून द्यायचा आणि छापखाना त्याप्रमाणे ठिपके भरायचा.

त्या कागदावर नाजूक छटांचा निभाव लागत नसे. हल्कचंच बघा. १९६२च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. पण छापताना तो राखाडी एकसारखा उतरेना, एका पानावर गडद तर दुसऱ्यावर फिका. दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. आज लहानसं पोरही त्याला ज्या रंगावरून ओळखतं, तो रंग छापखान्याच्या अडचणीने दिलाय.

(दृश्य : आजच्या चित्रकाराचा संगणक. गुळगुळीत चित्रावर ठिपके उमटतात.)

आता लाखो रंग बोटाशी आहेत. तरीही चित्रकार मुद्दाम ठिपके टाकतात, पान पिवळट करतात, रंग रेषेबाहेर किंचित सरकू देतात. २०१८च्या स्पायडर-व्हर्स ॲनिमेशनपटात तर मागचं दृश्य धूसर दाखवायला रंगांचे थर एकमेकांवरून हलवलेत, छपाई चुकल्यासारखे. मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ (म्हणजे फँटम) ज्यांनी हातात धरून वाचलाय, त्यांना ही ओढ समजावून सांगायला नको.

पण नुसत्या ठिपक्यांनी काम होत नाही. ती फक्त रंगरंगोटी. जुन्या शैलीत जीव कसा ओततात, ते बघायचं तर डार्विन कुक या चित्रकाराकडे यावं.

(दृश्य : ‘द न्यू फ्रंटियर’ची पानं.)

कुक कॅनडाचा. बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकांवर काम करून हात तयार झालेला. २००४ मध्ये त्याने १९४५ ते १९६० या काळात घडणारी ही सुपरहिरोंची कॉमिक-कथा आणली. पानावर बहुतेक वेळा तीन आडव्या चौकटी, सिनेमाच्या पडद्यासारख्या. ब्रशची जाड, ठाम रेष. अंगावर फुगवलेले स्नायू नाहीत. माणूस उभा कसा राहतो, एवढ्यावरून तो कोण आहे ते कळतं. ही चित्रं बघताना मन खरंच लख्ख होतं.

आणि याच लख्ख चित्रांतून कुक असं काही सांगतो, जे त्या काळच्या कॉमिक्सना सांगताच आलं नसतं. १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली होती. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांचा मान कमी होईल, असं काही दाखवायचं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

कुकच्या कथेत जॉन हेन्री नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस आहे. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने त्याचं कुटुंब संपवलंय. तो हातात हातोडे घेऊन त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. शेवटी जखमी होऊन लपत असताना एक लहान गोरी मुलगी त्याला बघते. तो मदत मागतो. ती मोठ्याने ओरडून जमावाला हाक मारते.

(दृश्य : ते पान. संगीत थांबतं.)

कुकने त्या मुलीला भेसूर काढलेलं नाही. सुपरमॅनला काढलंय, त्याच साध्या, सुबक रेषेत काढलंय.