मूळ फाईल आणि तिच्या प्रती

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, फोटो लहान कसे करावेत आणि एक्सपोर्ट कसे करावेत, म्हणजे त्यांची वेगळी फाईल कशी काढावी, हा आजचा विषय आपण पत्रिकेत वाचलाच आहे. त्याकडे वळण्याआधी मला एक आग्रह मांडायचा आहे, कारण आपल्या इंदुरातल्या मराठी घरांमधले जुने फोटो सध्या भराभर स्कॅन होत आहेत आणि स्कॅन झाल्यावर तितक्याच वेगाने बिघडतही आहेत. मूळ फाईलला हात लावू नये. कापणे, लहान करणे, उजळवणे हे सगळे तिच्या प्रतीवर करावे, एवढाच तो आग्रह आहे.

याच शहरात, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना, लाला दीनदयाळ १८७०च्या दशकात छायाचित्रणाकडे वळले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेला असल्यामुळे त्या फोटोंची स्वच्छ प्रत आजही काढता येते. आपल्या स्कॅनला तोच मान मिळायला हवा.

तो मिळाला नाही की काय होते, हे मी एका स्मरणिकेच्या वेळी पाहिले. गणेशोत्सवातला एक जुना समूहफोटो, आठ बाय सहा इंचांचा, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) या हिशेबाने, स्कॅन केलेला होता; एकूण ४८०० बाय ३६०० पिक्सेल. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाच्या हातातील पाटीवर खडूने लिहिलेले साल त्यात वाचता येत होते, मागे उभ्या असलेल्या बायकांच्या नऊवारीचे काठ ओळखू येत होते. ईमेलने पटकन जावा म्हणून कुणीतरी तो १०२४ बाय ७६८ केला आणि त्याच नावाने सेव्ह केला. बावीस पिक्सेलांमागे जेमतेम एक उरला. स्मरणिकेत तो पुन्हा आठ इंच रुंद छापला गेला तेव्हा इंचाला १२८ पिक्सेल आले, आणि पाटीवरच्या सालाच्या जागी पांढरट डाग दिसू लागला. कागदावरचा मूळ फोटो तोवर घर बदलताना गहाळ झाला होता. त्या मुलाच्या घरची मंडळी अंक हातात घेऊन साल विचारत होती, आणि ते सांगू शकेल असे कोणीच हयात नव्हते. या हळहळीपोटीच मी आज इथे उभा आहे.

नंतर फोटो मोठा करून घेऊ, असे अनेकांना वाटते. सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरते. गेलेले साल त्यातून परत येत नाही. शिवाय १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करून त्यांतला बारीक तपशील गाळते, त्यामुळे बदल करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केले की नुकसान साचत जाते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘७२ डीपीआय करून पाठवा’ असे आपल्याला सांगितले जाते. पडद्यावर त्या आकड्याने काहीही बदलत नाही; फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’मध्ये ‘रिसॅम्पल’ची (पिक्सेल कमी-जास्त करण्याची) खूण काढून तो आकडा बदलून पाहा, पिक्सेल तेवढेच राहतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला भाग आता थोडक्यात सांगतो. आधी क्रॉप (कडा कापणे), मग रिसाइझ (आकार बदलणे), शेवटी हलके शार्पन (कडा ठळक करणे), हा क्रम ठेवावा. रुंदी आणि उंचीच्या आकड्यांमधले साखळीचे चिन्ह जोडलेले असावे, नाहीतर चेहरे चपटे होतात. छपाईसाठी इंचांना ३०० ने गुणावे: सहा बाय चार इंचांना १८०० बाय १२०० पिक्सेल, ए-४ पानाला २४८० बाय ३५०८. पडद्यासाठी लांब बाजू २००० पिक्सेल, रंगांना एसआरजीबी ही पडद्यांची नेहमीची रंगपद्धत आणि जेपेगची क्वालिटी ८५च्या आसपास पुरते. जपून ठेवायचा स्कॅन टिफ या तपशील न गाळणाऱ्या फाईल-प्रकारात ठेवावा. गिंप या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरने २०१२च्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ एक्ससीएफ या आपल्या स्वतःच्या फाईल-प्रकारापुरते ठेवून ‘एक्सपोर्ट’ वेगळे केले. पुष्कळांना ते अडचणीचे वाटले, मला ते अत्यंत योग्य वाटते. फोनवरून व्हॉट्सॲपने पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा, म्हणजे वाटेत तो आणखी दाबला जात नाही.

ज्यांनी पेनड्राइव्ह आणले आहेत त्यांनी चहानंतर पुढच्या टेबलाशी यावे. प्रत्येक मूळ फाईलला ‘रीड-ओन्ली’ (वाचता येईल पण बदलता येणार नाही अशी) करून आपण कामाला सुरुवात करू.