तुतारी वाजण्याआधी

[दृश्य : रंकाळ्याची पहाट. पाण्याच्या काठावर तुतारीवादक.]

तुतारीला भोके नसतात. बासरीवर किंवा सनईवर बोटे फिरतात, तशी बोटांना इथे जागाच नाही. धातूच्या वाकवलेल्या नळ्या एकमेकींत बसवलेल्या असतात, त्यांच्या एका टोकाला निमुळते तोंड असते आणि दुसऱ्या टोकाला उमललेला कर्णा. स्वर चढतो किंवा उतरतो तो केवळ वाजवणाऱ्याच्या ओठांच्या ताणावर आणि छातीतल्या दमावर. मधला हा जोड नीट पाहावा. वाद्य खांद्यावरून वाहून नेताना ते येथे सुटे करतात, आणि वर्षानुवर्षे हाताच्या घासणीने तेवढाच पट्टा बाकीच्या धातूपेक्षा उजळ झाला आहे.

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने हेच वाद्य आपल्या बोधचिन्हासाठी निवडले. तुतारी उंच उचलून फुंकणारी स्त्री, म्हणजे उजाडल्याची वर्दी देणारी स्त्री, हे प्रभातचे चिन्ह ठरले. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय सांभाळून भांडवल उभे करणारे सीतारामपंत कुलकर्णी हे या कंपनीचे पाच भागीदार होते.

या निवडीत एक गोष्ट विलक्षण आहे. १९२९ साली प्रभातचा चित्रपट मुका होता. म्हणजे ज्या वाद्याचे सारे सामर्थ्य त्याच्या आवाजात आहे, ते वाद्य ज्या पडद्यावर आवाजच उमटत नव्हता त्या पडद्यावर आणून उभे करण्यात आले. ‘गोपाळकृष्ण’पासून पुढचे सहा मूकपट याच काळातले. पडद्याजवळ बसलेले वादक पेटी-तबल्यावर जी साथ करीत, तीच प्रेक्षकांच्या कानांवर पडे. तुतारीचा नाद ज्याने त्याने आपल्या मनात ऐकायचा. मात्र ज्या गावात तुतारी देवळात वाजते, मिरवणुकीत वाजते आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला वाजते, त्या गावातल्या प्रेक्षकाला ती मनात ऐकणे अवघड गेले नसावे.

[दृश्य : केशवराव भोसले नाट्यगृह, आगीपूर्वीचे चित्रण.]

असे चिन्ह सुचायला हात कोणत्या कामावर बसलेले असावे लागतात, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेमामे भाऊ आनंदराव पेंटर यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. नाटकाचा दर्शनी पडदा ही नुसती झाकण्याची वस्तू नव्हती. नांदी होईपर्यंत प्रेक्षक त्याच्याकडेच पाहत बसे आणि आपण कोणत्या मंडळीच्या नाटकाला आलो आहोत हे त्याला त्या पडद्यावरून कळे. नाव सांगणारे, मन तयार करणारे आणि खेळ सुरू होताच बाजूला सरणारे हे चित्र होते. चित्रपटाच्या बोधचिन्हाचे कामही नेमके हेच असते, आणि आमच्या मते कोल्हापूरच्या चित्रपटाने ते नाटकाच्या पडद्यावरूनच उचलले.

आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. खरी कॉर्नरजवळचे कॅमेऱ्याचे स्मारक आपण पाहत आहात, ते याच कामगिरीची आठवण देते. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघेही त्या कंपनीत तयार झाले. तेथे चित्रकला, मूर्तिकाम, सुतारकाम आणि कॅमेरा यांच्यात भिंती नव्हत्या. सकाळी कुंचला धरलेला माणूस दुपारी कॅमेऱ्याचा दांडा फिरवी. अशा माणसांनी आपली कंपनी काढली तेव्हा तिच्या नावाची केवळ अक्षरे न रंगवता त्यांनी एक आकृती उभी केली, यात नवल नाही.

जगात इतरत्र अशा चिन्हांचा जन्म बराचसा व्यवहारातून झाला. फ्रान्सच्या पाथे कंपनीचा कोंबडा प्रसिद्ध आहे. चित्रपटांच्या चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून ही कंपनी सुरुवातीच्या काळात देखाव्यांतही आपला कोंबडा टांगत असे, म्हणजे ती एक प्रकारची मालकीची मोहोरच होती. पहाटेची वर्दी कोंबडाही देतो. पण त्याला शिकवावे लागत नाही; तुतारी मात्र माणसाला फुंकावी लागते, आणि फुंकण्यासाठी आधी दम साठवावा लागतो. १९३१ साली कलकत्त्यात निघालेल्या न्यू थिएटर्सने हत्तीचे चिन्ह घेतले. त्याचा डौल मान्य करूनही आमचे मन तुतारीकडेच राहते.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. प्रभातच्या १९३०च्या शिवकालीन मूकपटाचे नाव आधी ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ‘स्वराज्य’ या शब्दाला परकीय सरकारच्या सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने झळकला. उजाडण्याची वर्दी देणाऱ्या स्त्रीच्या पाठोपाठ पडद्यावर पुन्हा उजाडण्याचेच नाव आले.

[दृश्य : फिल्मची पट्टी, अगदी जवळून. कडेला ध्वनीची रेघ.]

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. त्याच वेळी प्रभातच्या तुतारीलाही खरा कंठ फुटला. बोलपटाच्या पट्टीवर चित्राच्या शेजारून जाणारी ही अरुंद, फिकी-गडद रेघ म्हणजे ध्वनी. प्रक्षेपकातला दिवा या रेघेतून प्रकाश पाठवतो, तो कमी-जास्त होतो आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. चित्र दाखवणारी खिडकी वर असते आणि ध्वनी वाचणारी जागा तिच्या खाली, त्यामुळे एखाद्या चित्राचा आवाज पट्टीवर त्याच्या शेजारी नसून सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने तुतारीचा नाद ती फुंकणाऱ्या स्त्रीच्या जवळजवळ एक सेकंद आधी पट्टीवर येतो.

हा तपशील आम्ही मुद्दाम लांबवला आहे. १० सेकंदांच्या बोधचिन्हाला ३५ मिलिमीटरची १५ फूट पट्टी लागते, आणि हे १५ फूट पहिल्या रिळाच्या अगदी तोंडाशी असतात. संपूर्ण चित्रपटात सर्वांत जास्त हाताळला जाणारा भाग हाच. दर खेळाला ऑपरेटर तो दातेरी चाकांवर चढवतो, ओढतो, पुन्हा गुंडाळतो. कोठे पट्टीच्या कडेची भोके फाटली की तेवढा तुकडा कात्रीने कापायचा, कडा खरवडायच्या, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवण्याचा द्रव लावायचा, दाबून धरायचे आणि खेळ चालू करायचा. यात ऑपरेटरचा दोष नाही, कारण खेळ वेळेवर सुरू करणे हेच त्याचे काम होते. परंतु प्रत्येक जोडाबरोबर काही फ्रेम गेल्या, आणि ध्वनी पुढे छापलेला असल्यामुळे आधी तुतारीची सुरुवात तुटली, मग ती स्त्री.

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, शांताराम १९४२ साली बाहेर पडले, आणि १९५३ साली कंपनी बंद झाली. शांताराम यांनी आपल्या नव्या संस्थेला वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांवरून राजकमल हे नाव दिले. पुण्यातल्या प्रभातच्या आवारात १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली.

या माहितीपटासाठी आम्ही एका जुन्या मराठी चित्रपटाची प्रत मागवली. मिळालेली प्रत स्वच्छ होती, आवाज सुधारलेला होता, पण सुरुवात थेट श्रेयनामावलीपासून होती. पुरवणाऱ्यांशी बोललो तेव्हा, बोधचिन्हाचा भाग खराब होता आणि कथेत त्याचे काही काम नाही म्हणून काढला, असे सरळ उत्तर मिळाले. चित्रपट जपताना त्याचे तोंडही जपले पाहिजे, ओरखड्यांसकट, तुटक्या नादासकट जपले पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे. पुस्तकाची पुनर्मुद्रणे करताना कोणी मुखपृष्ठ जीर्ण झाले म्हणून लेखकाचे नाव गाळत नाही.

[दृश्य : एका बंद चित्रपटगृहाची प्रक्षेपण खोली. टेबलावर रीळ.]

हे वृद्ध ऑपरेटर आपल्याजवळचे एक रीळ आमच्यासाठी उलगडत आहेत. पट्टी ते कडांनी धरतात, मधे बोट लागू देत नाहीत. सुरुवातीची कोरी पट्टी संपते, एक जोड येतो, त्याच्यानंतर आणखी एक. तिसऱ्या जोडापाशी ते थांबतात आणि पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरतात.

[यापुढे निवेदन नाही. पट्टीवरचे चित्र स्थिर. तुतारीचा मूळ आवाज.]