पब्लिक हेल्थच का? ‘सेवा करायची आहे’ एवढ्यानं भागत नाही

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने या चॅनलवर कुठलाही व्हिडिओ टाकला, अगदी हात धुण्यावरचा टाकला, तरी खाली हमखास एक कमेंट येते. "ताई, एमपीएच करू का?" अर्ज भरायचे दिवस आहेत, त्यामुळे ते समजतं. शिवाय ‘मी पब्लिक हेल्थ का निवडलं’ असे व्हिडिओ सध्या जो तो टाकतोय. तर आज तो विषय घेऊच. मला मात्र एका वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही मला वाचायला पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येक एसओपीची, म्हणजे ‘हा अभ्यासक्रम का करायचाय’ हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधाची, सुरुवात त्या वाक्यानं होते. "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची इच्छा आहे."

त्याआधी नेहमीचे प्रश्न भरभर उरकते. एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, बहुतेक ठिकाणी एक ते दोन वर्षं. पाच विषय जवळपास सगळीकडे असतात: साथरोगशास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे आरोग्यासाठी लागणारं संख्याशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, आणि माणसं जशी वागतात तशी का वागतात याचा अभ्यास. डॉक्टरच असावं लागतं का? बहुतेक अभ्यासक्रमांना नाही. माझ्या वर्गात नर्स होत्या, इंजिनिअर होता, अर्थशास्त्राची मुलगी होती, वर्तमानपत्र सोडून आलेला एकजण होता. एमएस्सी की एमपीएच? संशोधनाकडे कल असेल तर सहसा एमएस्सी, कार्यक्रम आखायचे आणि चालवायचे असतील तर एमपीएच. पण नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडून बघा. झालं हे.

आता ते वाक्य. तुमची सेवेची इच्छा खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ती खरी असते, मेसेज वाचताना कळतं. अडचण अशी की हेच वाक्य नर्स होऊ इच्छिणारी लिहू शकते, शिक्षक लिहू शकतो, अग्निशमन दलात जाणारा लिहू शकतो. निवड समितीतला माणूस ते वाचतो आणि त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: मग त्यांपैकी काहीतरी का नाही? पब्लिक हेल्थच का?

या प्रश्नाचं उत्तर मला कसं मिळालं ते सांगते. एमपीएचच्या आधी चार वर्षं मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. एका महिन्यात काविळीचे नमुने धडाधड पॉझिटिव्ह यायला लागले. आदल्या महिन्यात ११ होते, त्या महिन्यात २६. मी रजिस्टर उचललं आणि थेट आमच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, मॅडम, साथ आलीय, कळवायला हवं. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "तपासले किती?"

मी मोजलेच नव्हते. मग आम्ही दोघींनी बसून पानन्‌पान मोजलं. आदल्या महिन्यात ९० नमुने आले होते आणि त्या महिन्यात २४०. एक नवीन डॉक्टर रुजू झाले होते आणि ते जवळजवळ प्रत्येक तापाच्या रुग्णाची ही तपासणी लिहून देत होते. ९० पैकी ११ म्हणजे शेकडा बारा, २४० पैकी २६ म्हणजे शेकडा अकरासुद्धा नाही. पॉझिटिव्ह दुपटीच्या वर गेले होते आणि प्रमाण मात्र किंचित उतरलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. "आणि जे आपल्यापर्यंत आलेच नाहीत, ते?" म्हणजे ज्या वस्त्यांतून हे रुग्ण येत होते तिथे एकूण माणसं किती, त्यांतली आजारी किती, घरीच बरी झालेली किती. या प्रश्नाचं उत्तर लॅबमध्ये बसून मिळणं शक्यच नव्हतं. नमुना ट्यूबमधून येतो, वस्ती ट्यूबमधून येत नाही. त्या रात्री घरी जाऊन मी पहिल्यांदा ‘साथरोगशास्त्र कुठे शिकवतात’ हे शोधलं.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. वैद्यकीय कामात अंश समोर येऊन बसतो. तो खोकतो, कण्हतो, त्याला नाव असतं. छेद स्वतःहून कधीच येत नाही, त्याला शोधायला जावं लागतं. तुम्हाला त्या छेदाची ओढ आहे का? पब्लिक हेल्थमध्ये यायचं की नाही हे ठरवताना मी सगळ्यात आधी हा प्रश्न विचारते, आणि या व्हिडिओत तो पुन्हा पुन्हा ऐकू येईल.

इथे एक कमेंट घेते, कारण ती दर वेळी येते. "ताई, माझं गणित कच्चं आहे." बायोस्टॅट शिकता येतं. माझंही पहिल्या सत्रात अडलं होतं, दुसऱ्या सत्रात सुटलं. शिकवणारे असतात, सॉफ्टवेअर असतं. "कितीपैकी?" असं विचारायला गणित लागत नाही, ती सवय आहे. पण हा प्रश्न विचारायचाच कंटाळा येत असेल, तर मात्र इथे दोन वर्षं जड जातील. तेव्हा रुग्णाजवळ बसून करायचं काम निवडा. ते कमी मोलाचं नाही.

आता हाच छेद दुसऱ्या बाजूनं बघू. जॉन स्नो, लंडनचे डॉक्टर. १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, त्यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यावर गेला आणि त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट एसओपीत इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याला ती पाठ असणार. आणि दांडा काढला तेव्हा ती साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. मला त्यांचं त्याच वर्षीचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. लंडनच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. सदर्क अँड वॉक्सहॉल शहराची घाण जिथे मिसळायची तिथूनच थेम्सचं पाणी उचलायची. लँबेथनं १८५२ मध्ये आपली उचलण्याची जागा वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्याकडे नेली होती. अनेक गल्ल्यांत दोन्ही कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी. तेच रस्ते, तीच हवा, तशीच माणसं.

(स्क्रीनवर आकडे)

सदर्क अँड वॉक्सहॉलच्या घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथच्या घरांत ९८. इथेच थांबलात तर कुणीही म्हणेल, पहिल्या कंपनीची घरंच जास्त असतील. होतीच जास्त. म्हणून स्नो यांनी घरांचे आकडे मिळवले: एकीकडे ४०,०४६, दुसरीकडे २६,१०७. मग दर दहा हजार घरांमागे मृत्यू किती? एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. खाली घरांची संख्या आली आणि तो वाद घालायला जागा उरली नाही. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जिवाणू ओळखला १८८३-८४ मध्ये. म्हणजे जंतू दाखवता येण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी या माणसाला पाण्याकडे बोट दाखवता आलं.

त्यातला एक तपशील मला लॅबवाली म्हणून फार आवडतो. कोणत्या घरात कुणाचं पाणी येतं हे शोधायला स्नो दारोदार फिरले. कित्येक भाडेकरूंना कंपनीचं नाव माहीतच नव्हतं. मग त्यांनी पाण्याचा नमुना घेऊन सिल्व्हर नायट्रेटनं तपासला, कारण एका कंपनीच्या पाण्यात मीठ दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. घराघरात जायचं, परीक्षानळी हातात धरायची आणि शेवटी सगळं एका तक्त्यात बसवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

"ताई, तुम्ही सगळं आकड्यांवर आणता. माणसं कुठे गेली?" ही कमेंट एका मुलानं मागच्या व्हिडिओखाली केली होती, आणि ती मनाला लागली, कारण प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून एका माणसाबद्दल सांगते. अली माओ मालिन. सोमालियातल्या मेर्का गावात रुग्णालयात स्वयंपाकी होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांना देवी आल्या. नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा रुग्ण म्हणून त्यांची नोंद आहे. रुग्णालयात काम करूनही लस घेतली नव्हती, कारण सुईची भीती वाटत होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून काढलं, लस दिली, आणि साखळी तिथेच तुटली. १९८० मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं. मालिन बरे झाले आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत कामाला लागले. लसीला घाबरणाऱ्या आईवडिलांना स्वतःची गोष्ट सांगायचे. २०१३ मध्ये पोलिओचंच काम करत असताना मलेरियानं गेले.

लस न घेतलेले किती राहिले हे आकडा सांगतो. ते का राहिले हे मालिन यांच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. एमपीएचमध्ये हे दोन्ही शिकायचं असतं, म्हणून तर तो पाचवा, माणसांच्या वागण्याचा विषय आहे. त्याला हलका समजू नका. माझ्या वर्गातल्या काहींनी समजला आणि पहिल्याच फील्डवर्कला लोकांनी दार उघडलं नाही.

आता तिसऱ्या बाजूनं, आणि हे सगळ्यात कामाचं आहे. एका दर्शक मैत्रिणीची परवानगी घेऊन सांगतेय. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तिच्या एसओपीत वाक्य होतं, "बालरुग्णांची सेवा करताना मला सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व जाणवलं." मी फोनवर विचारलं, कुठल्या मुलाच्या वेळी जाणवलं? ती जरा थांबली. मग म्हणाली, एक मूल जुलाबासाठी भरती झालं, बरं होऊन घरी गेलं, तीन आठवड्यांनी परत तेच. त्याच खाटेवर. मी विचारलं, अशी किती परत येतात? म्हणाली, खूप. खूप म्हणजे कितीपैकी किती? पुन्हा शांतता. आणि मग ती जे बोलली त्यानं माझ्या अंगावर काटा आला. "ताई, ते कुणालाच माहीत नाही. परत आलेल्या मुलाला नवीन नंबर मिळतो. कागदावर ते मूल पहिल्यांदाच आलेलं असतं."

अगं, मग हेच लिही ना! ‘माझ्या वॉर्डातून घरी गेलेल्या दर शंभर मुलांपैकी किती पुन्हा भरती होतात हे कुणालाच माहीत नाही, कारण नोंदीची पद्धतच तशी आहे. मला ते मोजायला शिकायचंय, आणि त्यांच्या घरी पाण्याचं काय होतं ते बघायला शिकायचंय.’ यात सेवा हा शब्द एकदाही आला नाही. तरी ही मुलगी या अभ्यासक्रमाला का येतेय हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली का?

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दोन प्रश्न वेगळे करून मांडले. या माणसाला हा आजार का झाला, हा एक. या समाजात हा आजार इतका का आहे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. थोडा धोका असलेली पुष्कळ माणसं मिळून, मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांपेक्षा जास्त रुग्ण देऊ शकतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणूनच फक्त ‘हाय रिस्क’वाल्यांना गोळ्या देऊन काम संपत नाही. तुम्हाला रात्री जागं ठेवणारा प्रश्न या दोघांपैकी कुठला, ते स्वतःशी तपासा. पहिला असेल तर क्लिनिकमध्येच राहा, तिथे तुमची गरज आहे.

काहींनी खासगीत लिहिलंय की खरं कारण रात्रपाळी सोडायची आहे, किंवा परदेशी जायचंय, किंवा क्लिनिकमध्ये जीव रमत नाही. ही कारणं असायला हरकत नाही, त्यांची लाज बाळगू नका. फक्त तेवढ्यावर येऊ नका. या क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात, निधी संपला की करार संपतो. आणि लॅबमध्ये मी दिलेला रिपोर्ट तासाभरात कुणाच्या तरी उपयोगी पडायचा. इथे आलेल्या पहिल्या वर्षी ते मला खूप आठवायचं. जो आजारी पडलाच नाही त्याचा चेहरा तुम्हाला कधी दिसत नाही. हे सोसायला आतून एखादा ठाम प्रश्न लागतो.

शेवटची कमेंट: "पदवीनंतर लगेच करू की आधी नोकरी?" परिस्थिती परवानगी देत असेल तर वर्ष-दोन वर्षं काम करा. वॉर्डात, लॅबमध्ये, सर्वेक्षणात, कुठेही. प्रश्न तिथे सापडतो. लगेचच करायचं असेल तर निदान एखाद्या सर्वेक्षणात महिनाभर दारोदार फिरून या.

आता तुम्ही. खाली कमेंटमध्ये तुमचा प्रश्न लिहा, पण त्यात ‘कितीपैकी’ हा शब्द हवा. रविवारच्या लाइव्हला त्यातले दहा प्रश्न घेऊन बसू. ज्यांना अंश सापडलाय आणि छेद सापडत नाहीये त्यांनी तर नक्की लिहा, त्या मुलांच्या वॉर्डासारखं काहीतरी तिथेच दडलेलं असतं.